बाहेरची कडी

"मेंढी पिल्लू घेत नसली तर काय करावं लागतं, ते तू मला शिकवू नको, दगडाबाई. तुही हयात भेंड्या तोडण्यात गेली."

"आन् तुमची मेंढरं हाकण्यात गेली, मामी. म्हणून घरातलं माणूस कोणतं आन् जनावर कोणतं, हे तुम्हाला उमगंना झालंय. दार उघडा."

"नाय उघडत."

"उघडा म्हणते ना."

"दार मपलं, कडी मपली, सून मपली. तू कोण गं मधात बोलणारी?"

"मी शेजारीण. काल पोर बोंबलत व्हती, तव्हा मी गप बसले. आज नुसती कुईकुई करून राहिली. उद्या आवाजच आला नाय तर काय करसाल?"

यावर सुगंधाबाईचा आवाज एकदम खाली आला. भांडताना माणसाचा आवाज खाली येतो, तेव्हाच तो खरं बोलतो.

"मलाबी कोंडलं व्हतं," ती म्हणाली. "मपला त्रिंबक झाला, त्या वक्ताला. मपल्या सासूनं. ह्याच घरात, ह्याच कडीनं. मी मेले का?"

दगडाबाई म्हणाली, "नाय मेल्या. पण मामी, तव्हापासून तुम्हाला हसताना कोणी बघितलं का?"

हे भांडण बानाबाईनं दाराच्या आतून ऐकलं. भिंतीकडं तोंड करून ती जमिनीवर पडलेली होती, आणि तिच्या पाठीशी तिची पोर गोधडीत गुंडाळलेली होती. पोरीकडं वळून बघायचीसुद्धा ताकद तिच्यात नव्हती. पण कान चालू होते. पुढं म्हातारपणी सकाळी काय खाल्लं ते विसरायची, पण हे भांडण तिला शेवटपर्यंत शब्दाला शब्द पाठ होतं.

बानाबाईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. तारीख कोणी ठेवली नाही. आई एवढंच सांगायची, रझाकार गेले आन् तू आली. आई पुढं फार जगली नाही. बाप मेंढरामागं बारा महिने फिरस्तीवर. त्यानं पोर उजवून टाकली ती मुकुंदवाडीच्या सुगंधाबाईच्या त्रिंबकला. तोही मेंढरंवालाच. म्हणजे बापाघरी जे होतं तेच नवऱ्याघरी. फक्त कुत्र्यांची नावं वेगळी.

मुकुंदवाडी तेव्हा गावच होतं. रुळाच्या अल्याड घरं, पल्याड ज्वारीची रानं, आणि औरंगाबाद म्हणजे जालन्याच्या सडकेनं चालत जायची लांबची गोष्ट. पीक निघालं की सुगंधाबाईची मेंढरं शेजारच्या सांडूच्या रानात बसायची. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतवायचं आणि सांडू त्याच्या बदल्यात ज्वारी घालायचा. या देण्याघेण्यातून दोन घरं जवळ आलेली. दगडाबाई ही सांडूची बायको. तिचा आवाज असा, की ती शहागंजच्या मंडईत भांडायला लागली की आजूबाजूच्या पाट्यांवरचे भाव आपोआप खाली यायचे. त्रिंबक माणूस वाईट नव्हता. तो फक्त घरी नसायचा.

माहेरी आई नाही, म्हणून बानाबाईचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. पाचवी पुजली, घुगऱ्या वाटल्या, सगळं रीतीप्रमाणं झालं. आणि मग हळूहळू बानाबाईचं काहीतरी विझलं.

तिला रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर लोकांना कळलं तरी असतं. कोणी ओली माती आणून छातीत भरावी, तसं तिला जड झालेलं. भाकरीचा घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. झोप येत नव्हती आणि उठवतही नव्हतं. उजाडलं की तिला वाटायचं, आला का आणखी एक. पोर रडायची, ते रडणं तिला दूर कोणाच्या तरी रानातून आल्यासारखं ऐकू यायचं. कोणीतरी पोर मांडीवर ठेवली की ती बघत राहायची. ही कोणाची, आन् माझ्याकडं काहून दिली, असा चेहरा करून. दुधानं अंग ठणकायचं तरी पोरीला जवळ घ्यायची नाही.

सुगंधाबाईनं हे बघितलं, आणि तिला ते ओळखीचं वाटलं. पहिलटकरीण मेंढी कधीकधी अशी करते. व्याली की पिल्लाला एकदा हुंगते, पाय झाडते आणि बाजूला होते. पिल्लू मागं मागं जातं, ही पुढं पुढं पळते. मग मेंढरंवाले काय करतात, तर त्या दोघांना कळपातून काढून वाघरीच्या, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या, एका अरुंद कोपऱ्यात कोंडतात. वळायला जागा नाही, पळायला जागा नाही. कास दुधानं ताठते, पिल्लू धडका देत राहतं, आणि दोन-तीन दिवसांत मेंढी गुमान पाय फाकून उभी राहते. सुगंधाबाईनं अशा किती मेंढ्यांना आया करून सोडलं होतं. त्या कामात तिचा हात धरणारी मुकुंदवाडीत दुसरी नव्हती.

म्हणून तिनं सुनेला आणि नातीला अंगणाकडं दार असलेल्या मागच्या खोलीत घातलं, पाण्याची कळशी आणि भाकरी आत सरकवली, आणि बाहेरून कडी लावली.

सुगंधाबाई कडू बाई होती असं कोणी समजू नये. तिनं सुनेला मारलं नाही. अंगारे-धुपारे करणारा दारात उभा केला नाही. माहेरी हाकलून दिलं नाही. तिला जे येत होतं ते तिनं केलं. फक्त ते मेंढ्यांचं होतं.

त्या भांडणातल्या दगडाबाईच्या शेवटच्या बोलण्यानंतर बाहेर बराच वेळ नुसत्या कोंबड्या बोलत होत्या. मग कडी वाजली.

दगडाबाई आत आली, पोर उचलली, उंबऱ्यावर बसली आणि तिला पदराखाली घेतलं. तिचा स्वतःचा फकिरा तेव्हा अंगावरच पीत होता. पोरीला आधी ओढायचंच कळेना, इतकी ती थकलेली. मग कळलं.

"बघा मामी, कशी तुटून पडली," दगडाबाई म्हणाली. "आता सांडूची लेकरं मोजताना हीबी धरा."

सुगंधाबाई अंगणात पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

बानाबाईनं मान वळवून एकदा उंबऱ्याकडं बघितलं. तिला माया दाटून आली, असं काही झालं नाही. तिला वाटलं, बरं झालं. पोरीचं भागलं. आता आपली गरज सरली. आणि तिनं परत भिंतीकडं तोंड केलं.

हा विचार तिनं कोणाला सांगितला नव्हता. पण दगडाबाईनं तो तिच्या पाठीवर वाचला असावा. कारण दुसऱ्या दिवशी उजाडताना ती दारात हजर.

"बाने, ऊठ. मला शहागंजला जायचंय. एकटीला भ्या वाटतं."

दगडाबाईला भ्या वाटतं, हे ऐकून आढ्यावरची पालसुद्धा हसली असती. रानात शिरलेल्या वळूला ही बाई शिंगाला धरून बाहेर काढायची. शहागंजला ती लग्न झाल्यापासून एकटी जात होती. पण तिनं ते इतक्या सरळ तोंडानं सांगितलं की नाही कसं म्हणावं, हे बानाबाईला सुचेना. दगडाबाईनं तिला हाताला धरून बसवली, तोंडावर पाणी मारलं, लुगडं नीट केलं आणि डोक्यावर मेथीची पाटी ठेवली. पोर तिनं स्वतःच्या पाठीला बांधली. फकिराला जावेकडं सोडलं.

सुगंधाबाई म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला उन्हात नेती का? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सुगंधाबाईची सून जित्ती हाये," दगडाबाई म्हणाली आणि चालू लागली.

सडकेच्या कडेला एका लिंबाखाली त्या विसाव्याला थांबल्या. तिथं बानाबाई पहिल्यांदा बोलली. पाटीकडं बघत म्हणाली, "अक्का, मला जगू वाटत नाय."

दगडाबाई दचकली नाही. असं बोलू नये, पोरीकडं बघ, देवानं सगळं दिलंय, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. तिनं पाठीवरची पोर सोडून मांडीवर घेतली.

"कव्हापासून?"

"बाळ झाल्यापासून."

"बरं केलं सांगितलं." तिनं पोरीच्या डोक्यावर पदर ओढला. "बाने, मला त्यातलं काही कळत नाय. पण आज नको. आज मेथी लई हाये, आन् दोन पाट्या मपल्या एकटीच्यानं व्हायच्या नाय. उद्याचं उद्या बघू. आन् एक वचन दे. जव्हा जव्हा तसं वाटंल, तव्हा तव्हा मला सांगायचं. रात असो का दिवस. मला सांगितल्याबिगर नाय."

बानाबाईनं मान हलवली. तिला वाटलं, एवढं करू.

उद्या आला तर दगडाबाई म्हणाली, "आज नको, आज शेपू हाये." परवा म्हणाली, "आज नको, वांगे हाये, वांग्यांचं वजन तुला ठावं नाय." असं ती रोज काहीतरी काढायची. त्या रानातला भाजीपाला संपला असता तर बानाबाईचं काय झालं असतं, सांगता येत नाही. पण सांडूच्या विहिरीला पाणी होतं.

शहागंजात दगडाबाईच्या शेजारी खैरूनबी कोथिंबीर-लिंबं घेऊन बसायची. तोंडात पान, आणि गिऱ्हाइकाला शिवी दिली तरी त्याला आशीर्वाद वाटावा असा आवाज.

"क्या गे दगडाबाई, ये कौन लाई?"

"मपली भैन हाये."

"बैन मुंडी नीचे डालके कायकू बैठी?"

"उसका जी नै लगता."

"नै लगता तो नै लगता. बैठने दे. मेरा भी किसी किसी बखत नै लगता, मैं किसकू बोली क्या?" आणि कोथिंबिरीचा ढीग तिनं बानाबाईपुढं सरकवला. "ले री, जुड्याँ बांध. बात मत कर, खाली बांध."

बानाबाईनं जुड्या बांधल्या. वाईट बांधल्या. निम्म्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुटल्या असतील. खैरूनबीनं एक शब्द काढला नाही, फक्त संध्याकाळी उठताना म्हणाली, "कल ढंग से बांध." म्हणजे उद्या यायचं होतं, हे ठरूनच गेलं.

यातून बानाबाई बरी झाली, असं सांगता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ती बरी झाली नाही. ती रोज गेली, एवढंच. चालताना पाय दुसऱ्याचे वाटायचे. मंडईतल्या गलक्यात ती एका काचेच्या पलीकडं बसलेली असायची. परत आली की भिंत होतीच. मग एक दिवस खैरूनबीनंच सांगितलं, की घाटीच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा डॉक्टर बसतो, उसकू दिखाओ. बानाबाई घाबरली. तिला वाटलं, आता वेड्यांत बसवणार आन् कोंडणार. कोंडण्याला ती आता फार भीत होती.

डॉक्टरनं कोंडलं नाही. झोप विचारली, भूक विचारली. मग, ताप किती दिवस आहे असं विचारावं तसं साधं विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" दगडाबाईलासुद्धा तिनं आपणहून सांगितलेलं; कोणी तिला हे विचारलं नव्हतं. बानाबाई तिथंच लाकडी बाकावर ओक्साबोक्शी रडली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बाळंतिणीला होतो, गोळ्या लागतील, वेळ लागेल, आणि हिला एकटी ठेवू नका.

परतताना दगडाबाईनं मुकुंदवाडीत शिरल्याशिरल्या गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "आजार हाये म्हणले डॉक्टर! सोंग नाय! आन् एकटी ठेवायची नाय! ऐकलं का मामी?"

"बहिरी नाय मी," सुगंधाबाई घरातून म्हणाली.

गोळ्यांनी आणि पाटीनं मिळून छातीतली माती हळूहळू वाळली. पोरीचं नाव दगडाबाईनंच आशा ठेवलं, कारण घरात दुसरं कोणी ठेवीना. पोर तिच्याच अंगावर वाढत होती. बानाबाईचं दूध आटलं ते आटलंच, ते काही परत आलं नाही. ते दुःख तिला जन्मभर राहिलं, आणि त्याला औषध नव्हतं.

एकदा पाणवठ्यावर एक बाई सहज म्हणाली, "दगडाबाईची पोर गुटगुटीत झाली गं." बानाबाई हंडा भरत होती. ती ताडकन म्हणाली, "दगडाबाईची नाय. मपली हाये." म्हणाली आणि स्वतःच चपापली. इतक्या महिन्यांत तिला कशाचाही राग आला नव्हता. सुगंधाबाई मागं शेणाची पाटी घेऊन उभी होती. त्या दिवशी सुनेच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता, आणि कोणी ठेवला हे कोणी विचारलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली. दुष्काळाच्या साली त्रिंबक मेंढरं घेऊन पार गोदावरीच्या खाली गेला आणि निम्मी घेऊन परत आला. ते सगळ्यांनीच सोसलं. मेंढरांचा खरा शेवट दुष्काळानं नाही केला. शहर सरकत सरकत मुकुंदवाडीपर्यंत आलं. सांडूच्या शेजारची रानं गेली, प्लॉट पडले, आणि जिथं मेंढरं बसायची तिथं लोक घरं बांधून बसले. चारायला कुठं न्यायचं? त्रिंबकनं एक दिवस कळप विकला आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन झाला. आयुष्यभर मेंढरं राखली, आता गेट राखू लागला. गेट चरायला जात नाही, एवढाच फरक, असं तो म्हणायचा; पण म्हणताना हसायचा नाही.

वाघर गुंडाळून माळ्यावर गेली. घरात मेंढरांचा वास येईना. आणि बानाबाईला परत तेच सुरू झालं. बरं वाटतं म्हणून गोळ्या तिनं मागंच आपल्या मनानं बंद करून टाकल्या होत्या. आता ती परत मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. दगडाबाईला सांगायचं वचन होतं. पण सांगायला उठावं तर लागतं.

सुगंधाबाई तेव्हा थकलेली. डोळ्यांना अंधूक दिसायचं. दुपारी आशा शाळेतून आली, तर आजी मागच्या दारापाशी बसून दगडानं ठाण ठाण ठोकतेय.

"आजी, काय करून राहिली?"

"कडी काढून राहिले."

"मंग घराला कुलूप कशाला लावायचं?"

"काय हाये घरात चोरायला? तुह्या मायशिवाय काही नाय. आन् तिला कोण नेतं?"

कडी जुनी, लोखंडाची, सुगंधाबाईच्या सासूच्या वेळची. निघता निघत नव्हती. शेवटी चौकटीचा तुकडा घेऊनच निघाली. म्हातारीनं ती उकिरड्यावर फेकायला आशाच्या हातात दिली, आणि चाचपडत खोलीत गेली.

"सरक जराशी," ती सुनेला म्हणाली.

बानाबाई सरकली. सुगंधाबाई तिच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली, तिनंही भिंतीकडंच तोंड केलं. दोघी कितीतरी वेळ तशाच पडून राहिल्या. मग म्हातारी म्हणाली, "इथं एक भेग व्हती. वरून खाली गेलेली, नदीवानी. हाये का अजून?"

"हाये, आत्याबाई."

"मला पाठ झाली व्हती ती. तव्हा मला सांगायला कोणीच नव्हतं. मला वाटलं, असंच असतंय. बाईला असंच असतंय." मग तिनं हात पुढं करून सुनेचा दंड चाचपला, मेंढीची पाठ चाचपावी तसा. "तुला परत तसं वाटून राहिलं का? जगू नाय असं?"

"व्हय."

"दगडीला बोलवू?"

"व्हय."

सुगंधाबाईनं कधी चूक झाली म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही. पण डोळ्यांनी दिसत नसताना, भिंतीला हात लावत, ती भर उन्हात दगडाबाईच्या घरापर्यंत एकटी गेली. ज्या बाईशी ती वर्षानुवर्षं जेवढ्यास तेवढं बोलत होती, तिच्या दारात उभी राहून म्हणाली, "चल गं. बानीला परत तसं झालं."

दगडाबाई आली. "ऊठ बाने, मला एकटीला भ्या वाटतं," म्हणाली. गोळ्या परत सुरू झाल्या, पाटी परत डोक्यावर आली. त्या घराच्या मागच्या दाराला नंतर कधी कडी बसली नाही. कुठं गावाला जायचं असलं की ते लोक दाराला सुतळी बांधायचे. शेजारी हसायचे. हसू देत.

मग एकेक जण गेलं. सुगंधाबाई गेली. खैरूनबी गेली, तिच्या जागेवर तिची सून बसू लागली. त्रिंबक रात्रपाळी करून आला, चहा पिला आणि गेला. आशाचं लग्न होऊन ती पुंडलिकनगरात राहायला गेली, अंगणवाडीत लागली. आणि एका उन्हाळ्यात दगडाबाई गेली. मयतीला इतकी माणसं, की शहागंजातल्या बाया पाट्या उघड्या टाकून आलेल्या. बानाबाई तिथं रडली नाही. दगडाबाईच्या फकिरानं विचारलं, "मावशे, ठीक हाये ना?" ती हो म्हणाली. घरी येऊन पडली.

या वेळची माती सगळ्यात जड होती. कारण ज्यांना सांगायचं, तेच उरले नव्हते. रोज उजाडताना तिचे कान दाराकडं लागायचे, आणि दारात कोणी यायचं नाही. ऊन उंबऱ्यावर यायचं, आत यायचं, भिंतीवर चढायचं. भेग तिथंच होती. तिला वाटलं, आता कोण म्हणणार आहे आज नको म्हणून.

एका सकाळी तिला पेंग आली असताना भांडण ऐकू आलं. तेच जुनं. दार उघडा म्हणते ना. ती दचकून उठली. दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. बराच वेळ ती त्या दाराकडं बघत बसली. मग स्वतःच्याच तोंडानं म्हणाली, "आज नको." ते शब्द तिला खोटे वाटले. कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय. तरी ती उठली. तोंडावर पाणी मारलं, लुगडं नीट केलं, पिशवी घेतली आणि ॲपे रिक्षात बसून पुंडलिकनगरात लेकीच्या दारात गेली.

"आशे, मला परत तसं वाटतंय," ती म्हणाली. "वचन दिलेलं हाये, म्हणून सांगायला आले."

आशानं हातातलं काम टाकलं आणि आईला तशीच घाटीला घेऊन गेली. बाकावर बसल्याबसल्या बानाबाई म्हणाली, "इथंच रडले व्हते मी." आशा म्हणाली, "रड मग. मी हाये." म्हातारी म्हणाली, "आता डोळ्यात पाणी तरी कुठं राहिलं," आणि बोलता बोलताच रडली.

त्यानंतर ती रोज पुंडलिकनगरात येऊ लागली. पाटी डोक्याला पेलत नव्हती, पण शहागंजला जाऊन घरापुरती कोथिंबीर-मेथी आणायची, लेकीकडं निवडायची, आणि परत मुकुंदवाडीला. कामाशिवाय तिचा दिवस उभा राहत नसे, हे तिला आता पक्कं कळलेलं.

आशाच्या शेजारी बद्रीनाथ मास्तरांचं घर. रिटायर माणूस, टाइल्स बसवलेलं घर, दारात तुळस. सून रेणुका बाळंत होऊन माहेराहून आली होती, ती कोणाला दिसलीच नव्हती. मास्तरांची बायको चतुराबाई सांगायची, "तिला कोणात मिसळायचंच नसतं. दिवसभर मोबाइल घेऊन पडून. बाळाकडं लक्ष नाही. शिकलेल्या मुलींचे हे असे नखरे." एकदा चतुराबाई मंदिरात निघाली, आणि ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या बानाबाईनं बघितलं, की तिनं जाताना बाहेरून कडी लावली.

चतुराबाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत बानाबाई बसून राहिली. मग मेथी पदरात घेऊन उठली आणि जाऊन कडी काढली.

आत पडदे ओढलेले. रेणुका सोफ्यावर, भिंतीकडं तोंड. पाळण्यात बाळ.

"कोण?" रेणुका न वळताच म्हणाली.

"मी आशाची माय. शेजारची. मला शहागंजला जायचंय पोरी. एकटीला भ्या वाटतं."

बानाबाई खाली बसून मेथी निवडत राहिली. चतुराबाई परत आली आणि उघडं दार बघून तिनं बरंच काही ऐकवलं. बानाबाईनं ऐकून घेतलं. "बाई, मी मेंढराची बाई," ती म्हणाली. "मला कोंडवाड्यातलं कळतं. सून मेंढी नसती. आन् मेंढी असती, तरी तिला विचारलं असतं मी." दुसऱ्या दिवशी ती परत गेली. त्याच्याही दुसऱ्या दिवशी. मास्तरांच्या मुलाला आशानं समजावलं, तो बायकोला दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. चतुराबाई मात्र बरेच दिवस बानाबाईला चहा विचारत नव्हती.

आधी रेणुका दारापर्यंत आली. मग कोपऱ्यापर्यंत. एकदा ॲपेत बसली आणि लगेच उतरली. मग एकदा शहागंजपर्यंत आली, आणि खैरूनबीच्या सुनेनं तिच्यापुढं कोथिंबिरीचा ढीग सरकवला. "बांध री. बात मत कर."

शहराचं नावही मध्ये बदललं. बानाबाईला फारसा फरक पडला नाही. तिचं शहर म्हणजे मुकुंदवाडी, पुंडलिकनगर आणि शहागंज, आणि ती नावं तशीच होती.

ज्या दिवशी ती शेवटची शहागंजला गेली, तो दिवस काही वेगळा नव्हता. सकाळी तिनं गोळी घेतली, चहा पिला, दाराला सुतळी बांधली. पाय सुजलेले होते, ते बरेच दिवस सुजत होते. चालताना रुळापाशी दम लागला म्हणून थांबली. पुंडलिकनगरात मास्तरांच्या दाराशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"पोरी, येती का? मला एकटीला भ्या वाटतं."

रेणुका ओट्यावर आली. केस विंचरलेले नव्हते. चेहरा वाईट दिवसाचा होता, बानाबाईला तो चेहरा बघितल्याबरोबर ओळखता यायचा.

"आजी, आज मला खरंच जगावंसं वाटत नाहीये," रेणुका हळू म्हणाली.

"बरं केलं सांगितलं." बानाबाई पायरीवर टेकली. श्वास जागेवर येईपर्यंत बोलली नाही. "घरातल्याला सांगितलं का?"

"नाही. तुम्हालाच."

"मंग आपून आशाला सांगू, ती दवाखान्यात फोन करीन. नवऱ्यालाबी सांगू. पण ते बाकीचं आज नको. आज मपल्या पायाला सूज हाये, पिशवी कोण उचलणार?"

रेणुका तिच्या शेजारी पायरीवर बसली. "आजी, तुम्हाला खरंच एकटीला भीती वाटते?"

"लई," बानाबाई म्हणाली.

आशानं फोन केला. नवरा दुपारी येऊन दवाखान्यात नेतो म्हणाला. तोपर्यंत दोघी शहागंजला गेल्या. खैरूनबीच्या सुनेच्या शेजारी बसून रेणुकानं जुड्या बांधल्या. वाईट बांधल्या. येताना पिशवी तिनं धरली. नवरा दारात उभाच होता, ती गाडीवर मागं बसली, आणि बाळ चतुराबाईच्या कडेवर होतं. चतुराबाई बानाबाईला म्हणाली, "आत या ना. चहा टाकते."

"उद्या," बानाबाई म्हणाली. "उद्या शेपू आणते, रेणुकाला सांगा."

तिनं कोथिंबिरीच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवल्या. एक सुटायला आली होती, ती परत नीट बांधली. मग चतुराबाई बाळाला घेऊन आत गेल्यावर मास्तरांचं दार पुढं ओढलं, हात आपसूक कडीपाशी गेला होता तो काढून घेतला, दार नुसतं लोटलं, आणि ती मुकुंदवाडीच्या वाटेला लागली.